सत्र संपताना बाबासाहेब काय करीत होते?

मे महिना जवळ आला की आमच्या कार्यालयात विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. कुणाला प्रतिज्ञापत्र हवे असते, कुणाची जात पडताळणी अडलेली असते, तर कुणाची शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून महाविद्यालयाने हॉल तिकीट अडवलेले असते. परीक्षा चार दिवसांवर आणि पोरगा खिडकीपुढच्या रांगेत! आम्ही कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना हेच भोगले आहे. फीची बाकी दाखवून आमचेही हॉल तिकीट रोखले गेले आणि अभ्यासाच्या दोन रात्री उसनवारी करण्यात गेल्या. म्हणून अशा मुलांना आम्ही एका विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. ती सर्वांना ठाऊक आहे असे आपण समजतो. पण पदव्यांची यादी पाठ असणे म्हणजे तो विद्यार्थी ठाऊक असणे नव्हे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये भीमरावांनी बडोदे संस्थानाशी करार केला आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यातूनच राहणे, खाणे, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पुढे नवल भथेना हा पारशी मित्र भेटला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. सुरुवातीचे काही महिने नव्या शहराने त्यांनाही भुलवले होते, असे चरित्रकार सांगतात. मग घरची माणसे आठवली, करार आठवला आणि गाडी रुळावर आली. आमच्या तरुणांनी हा भाग वगळू नये. बाबासाहेब आभाळातून पडले नव्हते. त्यांनी स्वतःला घडवले होते.

त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर यांच्यासारखे गुरुजन लाभले. आता त्यांचे मे महिने पाहा. १५ मे १९१५ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरील आणि अर्थव्यवहारावरील प्रबंध त्यांनी एम.ए.साठी सादर केला. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. वय अवघे पंचवीस! सत्र संपताना बाकीचे विद्यार्थी सामान बांधत असतील, तेव्हा हा विद्यार्थी ज्या व्यवस्थेने त्याला वर्गाबाहेर बसवले, तिची चिरफाड विद्वानांपुढे मांडत होता.

१९१६ मध्येच ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. बुद्धी तीच होती, जिद्द तीच होती. कमी पडला तो फक्त पैसा, आणि त्यापायी तीन वर्षे गेली. बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या जोरावर १९२० साली ते पुन्हा लंडन गाठू शकले.

लंडनमध्ये दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि कपभर गरम पेय. रात्री वाचता वाचता पोटात कावळे ओरडू लागले की चार पापड आणि कपभर दूध. तिकडे मुंबईत रमाई अर्धपोटी संसार ओढत होत्या. त्या परीक्षेला रमाईही बसल्या होत्या, हे आपण विसरता कामा नये.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी.एस्सी.साठी सादर झाला. परीक्षकांनी फेरबदल सांगितले. हाती पैसा उरला नव्हता. १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथेच बसून प्रबंध सुधारून पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तर छापील प्रबंध दाखल झाल्यावर १९२७ साली हाती आली. एका प्रयत्नात निकाल लागला नाही म्हणून खचणाऱ्या मुलाने या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

हे सारे भोगलेला माणूस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होता, तेव्हा १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती सरकारची मेहेरबानी नाही. वेळेवर पैसा न मिळाल्याने काय बुडते, हे ज्याने अनुभवले त्याने मिळवलेला तो हक्क आहे. मग परीक्षा उलटून गेल्यावर खात्यात पडणारी शिष्यवृत्ती कोणत्या कामाची? उशिरा दिलेला हक्क हा नाकारलेलाच हक्क!

प्रश्न शासनाला विचारायचाच. पण आपणही स्वतःला विचारू या. जयंतीच्या मिरवणुकीला एप्रिलमध्ये वर्गणी गोळा होते. तिच्यातला चौथा हिस्सा मे महिन्याच्या परीक्षा फीसाठी बाजूला काढता येणार नाही का? विहाराचे दार अभ्यासासाठी रात्री उघडे ठेवता येणार नाही का? वस्तीतल्या वकिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या अर्जांसाठी द्यावी. आम्ही आमची शनिवारची संध्याकाळ दिली आहे.

भीमरावांना एक नवल भथेना भेटला. आपल्या वस्तीतल्या पोराला कोण भेटणार? जयभीम!