पिएर क्युरी: तुमच्या फोनमधल्या स्फटिकांची गोष्ट यांच्यापासून सुरू होते

क्युरी म्हटलं की आपल्याला आठवतात मेरी क्युरी आणि रेडियम. पण तुमच्या खिशातल्या फोनशी जास्त जवळचं नातं आहे ते त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे पिएर क्युरी यांचं. कसं ते बघू.

पिएर यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. मुलगा एका विषयात शिरला की त्यातच रमतो, हे ओळखून त्यांनी त्याला शाळेत घातलंच नाही. अभ्यास घरीच झाला. तरी अठराव्या वर्षी पिएर यांच्याकडे विज्ञानाची पदवी होती. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून ते सॉरबॉन विद्यापीठात प्रयोगशाळेचे सहायक झाले.

दाबला की वीज

१८८० मध्ये पिएर आणि त्यांचे थोरले भाऊ जॅक यांनी एक साधा वाटणारा प्रयोग केला. क्वार्ट्झ, टूरमलिन, उसाची साखर, रोशेल सॉल्ट अशा पदार्थांचे स्फटिक घेतले आणि ठरावीक दिशेने दाबले. स्फटिकाच्या पृष्ठभागांवर विद्युतभार तयार झाला! यालाच आपण पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतो. याचं उलटंही व्हायला हवं, म्हणजे वीज दिली की स्फटिकाचा आकार किंचित बदलायला हवा, असं गाब्रिएल लिपमान यांनी गणितातून दाखवलं. १८८१ मध्ये दोघा भावांनी तेही प्रयोगाने सिद्ध केलं.

आता फोनकडे या. फोनमधलं घड्याळ बरोबर चालतं, कारण आत क्वार्ट्झचा एक इवलासा तुकडा विजेवर थरथरत असतो. अशा घड्याळांसाठी नेहमी वापरला जाणारा क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तोच तो उलटा परिणाम, दुसरं काही नाही.

जिन्याजवळची प्रयोगशाळा

१८८२ मध्ये पिएर पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी आणि रसायन शाळेत लागले. तिथे त्यांनी तब्बल २२ वर्षं काढली. पगार बेताचा, आणि स्वतःच्या संशोधनासाठी नीट खोलीसुद्धा नाही. जिना आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा यांच्यामधल्या बोळात ते काम करायचे. तिथेच त्यांनी चुंबकत्वाचा अभ्यास केला. लोखंड तापवत नेलं की एका ठरावीक तापमानाला, साधारण ७७० अंश सेल्सिअसला, त्याचं चुंबकत्व जातं. अशा तापमानाला आज क्युरी तापमान म्हणतात. १८९५ मध्ये याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी मेरी यांच्याशी लग्न झालं.

मेरी युरेनियमच्या किरणांवर काम करू लागल्या तेव्हा अडचण आली. त्या किरणांमुळे हवेत वाहणारी वीज फारच क्षीण, ती मोजायची कशी? इथे भावांचं जुनं काम मदतीला आलं. क्वार्ट्झच्या पट्टीवर वजन टांगायचं, म्हणजे नेमका ठाऊक असलेला विद्युतभार मिळतो आणि त्याच्याशी तुलना करून क्षीण प्रवाह मोजता येतो. या मोजमापांच्या जोरावरच १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडले. १९०३ मध्ये दोघांना, हेन्री बेकरेल यांच्यासोबत, नोबेल मिळालं.

सरकार त्यांना सन्मानपदक द्यायला निघालं, तेव्हा पिएर यांनी नकार दिला. पदकाची गरज नाही, प्रयोगशाळेची आहे, एवढंच त्यांनी कळवलं. १९०४ मध्ये सॉरबॉनमध्ये प्राध्यापकपद मिळालं, पण मनासारखी प्रयोगशाळा काही मिळाली नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४६.

गोष्ट तिथे संपली नाही

त्यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झ वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्याचं तंत्र उभं केलं. आणि १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन फिजिकल सोसायटीची परिषद भरली, तिथे जोसेफ व्हॅलासेक या तरुण संशोधकाने एक नवी गोष्ट मांडली. क्युरी बंधूंनी तपासलेल्या रोशेल सॉल्टमध्ये विजेची दिशा बाहेरून उलटवता येते आणि बाहेरचं विद्युतक्षेत्र काढलं तरी ती टिकते. अगदी लोहचुंबकासारखं! म्हणून अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात, त्यात लोखंड असो वा नसो. हेही पदार्थ ठरावीक तापमानापलीकडे हा गुण गमावतात, आणि त्या तापमानालाही नाव क्युरींचंच.

आज बेरियम टायटेनेट हा फेरोइलेक्ट्रिक पदार्थ तुमच्या फोनमधल्या शेकडो छोट्या कपॅसिटरपैकी अनेकांत असतो. सोनोग्राफीच्या यंत्रातही असेच सिरॅमिक लागतात. एका तरुणाचा शोध जगापुढे आला तो त्या परिषदेत. अशा परिषदांना आणि प्रयोगशाळांना पैसा का द्यायचा, असा प्रश्न कुणी विचारला, तर बोळात उभं राहून काम करणारे पिएर क्युरी आठवा. खोली मागता मागता त्यांचं आयुष्य संपलं. मेरी यांनी मात्र ती मागणी सोडली नाही, आणि १९१४ मध्ये पॅरिसला रेडियम इन्स्टिट्यूटची इमारत उभी राहिली. ज्या रस्त्यावर ती आहे, त्याचं नावच मुळी पिएर क्युरी ठेवलेलं होतं.