छप्पर नसलेल्या बायकांची चंदा

गारखेड्यातून बाईक काढली की साधारण तासाभरात खुलताबाद. भद्रा मारुतीचं दर्शन, मग वेरूळ, येताना चहा. आपला ठरलेला रूट! याच खुलताबादेत सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पहिल्या निजामाची, आसफजाहची कबर आहे. त्याचा मुलगा निजाम अली खान गादीवर असताना दरबारात एक बाई गायची. स्वतः लिहायची, स्वतः गायची. नाव चंदा बीबी. अहमदनगरची चांदबीबी नव्हे हं, ती सोळाव्या शतकातली. आपली चंदा १७६८ ची, आणि अनेक नोंदींत तिचं जन्मगाव म्हणून नाव आहे औरंगाबादचं, म्हणजे आपल्याच शहराचं.

खरं सांगायचं तर पदवी हातात येईपर्यंत मला ती माहीतच नव्हती.

तिची गोष्ट सुरू होते आजीपासून. कुटुंब मूळचं गुजरातचं. आजीचा नवरा घर सोडून गेला आणि आजी मुलींना घेऊन अक्षरशः रस्त्यावर आली. गावोगाव खेळ करणाऱ्या भगतियांनी त्यांना आसरा दिला. तिथे मुली गाणं आणि नाच शिकल्या. पुढे फौजांच्या मागे बुऱ्हाणपूर, मग औरंगाबाद, असा त्यांचा प्रवास झाला. यातलीच एक मुलगी राज कुंवर, म्हणजे चंदाची आई. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली. गाणारे, लिहिणारे, शिपाई, सगळे तिकडे गेले. त्याच वर्षी आपल्या शहरातले सूफी कवी सिराज औरंगाबादी वारले. पाच वर्षांनी चंदा जन्मली.

ती वाढली दिवाण रुक्नुद्दौलाच्या घरात. त्यामुळे मोठा ग्रंथसंग्रह हाताशी होता. संगीताचे गुरू होते तानसेनाची परंपरा सांगणारे खुशहाल खान अनूप. घोड्यावर बसणं, तिरंदाजी, भालाफेक हेही ती शिकली. निजामाबरोबर पुरुषी वेशात तीन मोहिमांवर गेली. दरबाराने तिला जहागिरी दिल्या आणि किताब दिला माहलका, म्हणजे चंद्रासारख्या चेहऱ्याची.

इथेच गंमत आहे. दरबार चेहऱ्याचं कौतुक करत होता, पण तिचं लक्ष शब्दांवर होतं. तिची गझल पाच शेरांची. शेवटच्या शेरात कवी आपलं टोपणनाव गुंफतो. चंदा तिथे आपल्या नावासोबत हजरत अलींची आठवण ठेवायची. बहुतेक सूफी सिलसिले आपली गुरुपरंपरा अलींपर्यंत नेतात, कव्वालीतही त्यांचा मान मोठा. म्हणजे सुरुवातीला प्रेम, रुसवा, प्याला असं काहीही असो, गझल शेवटी अलींच्या दारात येऊन थांबायची. समोर निजाम बसलेला असला तरी गाण्याचा खरा मालक कोण, हे ती अशी सांगून टाकायची.

१७९८ मध्ये तिच्या गझलांचा दिवान तयार झाला. दिवान असलेल्या उर्दूतल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव येतं. १७९९ मध्ये एका मैफलीत तिने त्याची प्रत इंग्रज अधिकारी जॉन माल्कमला भेट दिली. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ‘गुलजार-ए-माहलका’ हे पुस्तक मात्र ती गेल्यावर आलं.

तिला तवायफ म्हणत. आज हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. पण त्या काळात स्वतः कमावणाऱ्या, शिकलेल्या आणि स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या बायका फार थोड्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच तवायफ होत्या. लग्न तिने केलं नाही. कमाईतून ग्रंथालय उभं केलं, दख्खनचा इतिहास लिहून घेतला, मुलींना गाणं शिकवलं. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ ज्या अडीकमेट भागात आहे, तिथे तिची जहागीर होती. आज त्याच परिसरात मुलं-मुली लेक्चरला जातात.

आई गेल्यावर तिने हैदराबादच्या मौला अली टेकडीच्या पायथ्याशी बाग आणि मकबरा बांधला. साल १७९२. टेकडीवर अलींचं स्थान, खाली आई. १८२४ मध्ये चंदाही तिथेच, आईशेजारी विसावली. मधल्या काळात जागेची पार रया गेली होती. काही वर्षांपूर्वी तिची दुरुस्ती झाली.

आणि तिची संपत्ती? जमीन, सोनं-चांदी, हिऱ्यांचे दागिने, हे सगळं ती बेघर बायकांसाठी ठेवून गेली.

आजी ज्या दिवशी मुलींना घेऊन रस्त्यावर आली, तो दिवस चंदाने पाहिला नव्हता. पण तिच्या घरात तो कुणी विसरलंही नसणार. पुढच्या वेळी खुलताबादला गेलात आणि दर्ग्यातून कव्वाली कानावर आली, तर दोन मिनिटं थांबा. आपल्या भागातली एक मुलगी याच भक्तीने गायची आणि खाली स्वतःचं नाव लिहायची, एवढं आठवलं तरी पुरे.