‘वुदरिंग हाइट्स’ची मुंबईकर नायिका

एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. तिने चित्रपटसृष्टीला वारंवार भुरळ घातली. आपल्याकडचा दिलीपकुमार-वहिदा रेहमान यांचा ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) याच कथेवर बेतलेला. मात्र रसिकांच्या मनावर कायमचा कोरला गेला तो विल्यम वायलरने १९३९ मध्ये दिग्दर्शित केलेला कृष्णधवल चित्रपट. त्यात लॉरेन्स ऑलिव्हिए हिथक्लिफ होता, तर कॅथीच्या भूमिकेत होती मर्ल ओबेरॉन. ही अभिनेत्री ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर, गोऱ्या कुलीन घराण्यात जन्मल्याचे तेव्हा जगाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला होता.

एस्टेल मर्ल थॉम्पसन हे तिचे मूळ नाव. राणी मेरी त्याच वर्षी मुंबईत आली, म्हणून घरात तिला ‘क्वीनी’ म्हणू लागले, असे सांगतात. श्रीलंकेतून आलेल्या, मिश्रवंशीय शार्लट सेल्बीने तिला वाढवले. मर्ल तिलाच आई समजत असे. पण ती होती आजी. शार्लटची किशोरवयीन मुलगी कॉन्स्टन्स ही मर्लची खरी आई. घराण्याची अब्रू राखण्यासाठी ती मर्लची बहीण म्हणून वावरली. तेव्हा जन्माबरोबरच पहिले खोटेही पाळण्यात आले होते आणि ते मर्लने रचलेले नव्हते.

१९१७ मध्ये शार्लट नातीला घेऊन कोलकात्याला गेली. तेथील ला मार्टिनियर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली; पण मिश्र रक्तावरून इतके टोमणे ऐकावे लागले, की तिने शाळा सोडली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी रंगभूमी आणि चित्रपटांचे वेड. एका प्रियकराने तिच्या घरी सावळ्या शार्लटला पाहिले आणि काढता पाय घेतला, असे चरित्रकार नमूद करतात. आपली कातडी आपल्याला कुठवर नेऊ शकते आणि कुठे अडवू शकते, हा हिशेब तिला तेव्हाच उमगला असावा.

युरोपात पोहोचल्यावर निर्माता अलेक्झांडर कोर्डाने तिच्यातील तेज हेरले. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मधील अॅन बोलीनची छोटी भूमिका तिला पुरेशी ठरली. टास्मानियाची कहाणी याच काळातली. ठिकाण मोठ्या धूर्तपणे निवडलेले होते. लंडन आणि हॉलिवूड या दोहोंपासून इतके दूर, की खातरजमा करायला कोण जाणार? शार्लटही लंडनला आली होती; पण पाहुण्यांसमोर ती मोलकरीण म्हणून वावरे, असे सांगितले जाते. १९३७ मध्ये ती वारली.

या लपवाछपवीला केवळ दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भारतीयांना गोरे मानण्यास नकार देऊन नागरिकत्वाचे दार बंद केले होते. ते १९४६ पर्यंत उघडले नाही. भिन्नवंशीय प्रणय पडद्यावर दाखवण्यासही स्टुडिओ कचरत. सत्य बाहेर येते, तर तिची कारकीर्द तेथेच संपली असती. या पडद्याआडूनच ‘द डार्क एंजल’साठी तिला १९३५ च्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले.

‘वुदरिंग हाइट्स’च्या वेळी ऑलिव्हिएला कॅथी म्हणून आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती. निर्माता सॅम्युअल गोल्डविन मर्लवर ठाम राहिला. वायलर एकेक दृश्य पुनःपुन्हा चित्रित करून कलावंतांना मेटाकुटीस आणी. यॉर्कशायरचा माळ कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर उभारला गेला आणि कादंबरीचा उत्तरार्ध सरळ गाळण्यात आला. छायालेखक ग्रेग टोलंडने मात्र छायाप्रकाशातून अशी जादू केली, की चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर त्याच्याच पदरात पडले. आठ नामांकनांत मर्लचे नाव नव्हते.

कादंबरीतील हिथक्लिफ काळासावळा, अज्ञात कुळाचा आहे. तो एखाद्या लास्कराचे, म्हणजे हिंदी खलाशाचे, पोर असावा असा तर्कही तेथे येतो. पडद्यावर ही भूमिका गोऱ्या इंग्रजाने केली आणि त्याच्या कुळाला कमी लेखून श्रीमंत लिंटनशी लग्न करणारी कॅथी साकारली मुंबईत जन्मलेल्या मिश्रवंशीय मुलीने. प्रतिष्ठेपायी आपलेच माणूस नाकारण्याची किंमत कॅथी मोजते. ही भूमिका मर्लला नव्याने शिकावी लागली नसणार.

त्याच वर्षी तिने कोर्डाशी विवाह केला. १९४५ मध्ये तो मोडला. १९३७ च्या मोटार अपघाताचे व्रण आणि पुढे बिघडलेली त्वचा यांमुळे चेहरा सांभाळणे कठीण झाले होते. तिचा दुसरा पती, छायालेखक लुसियन बॅलार्ड याने कॅमेऱ्यालगत बसवायचा एक खास दिवा तयार केला. व्रण पुसून टाकणारा तो दिवा ‘ओबी’ या नावाने चित्रपटव्यवसायात रूढ झाला.

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट शहराने या कथित भूमिकन्येला सत्कारासाठी बोलावले. ती गेली, मात्र जन्माविषयीच्या प्रश्नांनी अस्वस्थ झाली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्राने तिचे भारतीय मूळ उघड केले. २०२३ मध्ये मिशेल योहला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा या विभागातील पहिले आशियाई नामांकन कुणाचे, या चर्चेत मर्लचे नाव पुन्हा निघाले.

शार्लटच्या निधनानंतर बारा वर्षांनी मर्लने जुन्या छायाचित्रावरून तिची तैलचित्रे काढून घेतली होती. चित्रकाराला सूचना होती, की रंग उजळ ठेवावा. ती चित्रे मर्लच्या घरात अखेरपर्यंत टांगलेली होती.