जेम्स सिल्क बकिंगहॅम

वर्तमानपत्रांतील एका उपहासपर लेखाबद्दल संपादकास चौकशीवांचून देशाबाहेर घालवितां येई, असा एक काळ हिंदुस्थानांत होऊन गेला. त्या काळीं ज्यानें असा दंड सोसला, त्या बकिंगहॅमचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्यासारखें आहे.

ह्याचा जन्म इ. स. १७८६ मध्यें इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतीं फ्लशिंग गांवीं झाला. लहानपणींच तो जहाजावर नोकरीस राहिला. १८१५ सालीं तो मुंबईस आला, परंतु कंपनीचा परवाना नसल्यामुळें त्यास परत जावें लागलें. पुढें परवाना मिळून मस्कतच्या इमामाच्या जहाजाचें आधिपत्य त्याजकडे आलें. १८१८ मध्यें गुलामांच्या व्यापारासाठीं मादागास्करकडे जाण्याचा हुकूम होतांच त्यानें त्या किफायतीच्या जागेचा राजीनामा दिला. मनुष्यविक्रयाचा पैसा त्याच्या सदसद्विवेकबुद्धीस रुचला नाहीं.

त्याच वर्षीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं छापण्यापूर्वींची तपासणी बंद केली होती. ती संधि साधून बकिंगहॅमनें ऑक्टोबरांत कलकत्ता जर्नल हें पत्र काढिलें. अधिकाऱ्यांचे दोष तो उघड बोलून दाखवी. १८१९ मध्यें मद्रासचे गव्हर्नर इलियट यांची मुदत वाढल्याची वार्ता त्यानें सार्वजनिक आपत्ति म्हणून छापिली. सरकारची ताकीद आली. परंतु हेस्टिंग्ज उदारमनाचे असल्यामुळें तो निभावला.

१८२३ च्या जानेवारींत हेस्टिंग्ज स्वदेशीं गेले व जॉन ॲडम यांनीं तात्पुरता कारभार हातीं घेतला. त्यांनीं स्कॉटिश मंडळीचे धर्मोपदेशक डॉ. ब्राइस यांस सरकारी लेखनसाहित्याच्या कमिटीचें कारकुनाचें काम दिलें. मेंढपाळानें कळप सोडून कागद, लाख व फिती मोजीत बसावें, ही विसंगति बकिंगहॅमच्या नजरेंतून सुटली नाहीं. ब्राइस हे त्याचे जुने विरोधक असल्यामुळें थट्टेस धारहि चढली. फेब्रुवारींत लेख निघाला आणि लागलीच ॲडम यांनीं त्याचा परवाना रद्द करून त्यास दोन महिन्यांत देश सोडण्यास फर्माविलें. न साक्ष, न पुरावा, न न्यायासन! भरभराटीचें पत्र मागें टाकून तो निघून गेला. त्याच वर्षीं तें पत्रहि बंद पडलें.

एकाचा दंड इतरांसहि भोंवला. परवान्यावांचून पत्र छापूं नये, असा नियम ॲडम यांनीं केला. राजा राममोहन राय यांनीं विरोधाचा अर्ज केला. तो निष्फळ होतांच आपलें फारशी पत्र बंद केलें.

विलायतेंत बकिंगहॅमनें १८२८ मध्यें अथीनियम हें पत्र स्थापिलें. १८३२ ते १८३७ पर्यंत तो शेफील्डतर्फे पार्लमेंटांत होता, आणि १८३४ मध्यें मद्यपानाच्या अनर्थाची चौकशी करणाऱ्या कमिटीचा तो अध्यक्ष होता. ब्राइस यांची ती नेमणूक कंपनीच्या संचालकांसहि पसंत पडली नाहीं. १८३५ मध्यें सर चार्ल्स मेटकाफ यांनीं बंगाल व मुंबई येथील ते जाचक नियम रद्द केले. बकिंगहॅम १८५५ सालीं निवर्तला.

त्याच्या लेखणींत वैराचा डंख होता, हें मान्य केलें पाहिजे. तोच आशय सौम्य शब्दांत सांगितला असता, तर शत्रूंस निमित्त मिळण्यास कठीण गेलें असतें. तथापि शब्द कडू म्हणून सत्य खोटें ठरत नाहीं, आणि न्यायावांचून दिलेली शिक्षा न्याय्य ठरत नाहीं. मुलांनो, तुमच्या हातीं उद्यां लेखणी येईल. गुलामांच्या जहाजाकडे पाठ फिरविणाऱ्या ह्या पुरुषाचें धैर्य घ्या, आणि त्यास मृदु वाणीची जोड द्या.