सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

शाळेच्या समारंभांत मिळालेलें बक्षीस बहुधा घरीं कपाटांत जाऊन पडतें. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें देत आहोंत, त्यांस विद्यार्थिदशेंत मिळालेल्या पारितोषिकाची गोष्ट मात्र निराळी आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यांत झाला. पिता लवकर वारले. शिकवण्या करून खर्च भागवीत ते १८८१ सालीं बंगलोर येथें बी. ए. झाले. पुढें म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले व १८८३ सालीं इंजिनियरिंगच्या परीक्षेंत मुंबई इलाख्यांत पहिले आले. त्यांस जेम्स बर्कले पारितोषिक मिळालें. ज्यांच्या देखरेखीखालीं बांधलेल्या मार्गावर १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली, तेच हे बर्कले. तो लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. तेथून पुढचा रस्ता आमच्या भंडारा जिल्ह्यांतून छत्तीसगडाकडे गेला.

ह्या यशामुळें १८८४ सालीं मुंबई सरकारनें त्यांस असिस्टंट इंजिनियर नेमिलें. नाशिक, खानदेश, पुणें अशी त्यांची नोकरी झाली. १९०३ सालीं खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनीं योजिलेलीं दारें बसलीं. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं तीं आपोआप उघडत आणि पाणी उतरलें कीं मिटत. धरणाची भिंत न वाढवितां तलावांत अधिक पाणी राहूं लागलें. पावसाळ्यांत पवनीजवळ गोसीखुर्दचीं ३३ दारें उघडतांना ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ह्या कामाची जोखीम सांगावयास नको. ह्या दारांचें पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नांवें होतें. पण आपण सरकारी नोकर असतां त्यावर पैसा घेणें योग्य नव्हे, असें ठरवून त्यांनीं मोबदला नाकारिला.

परंतु पारितोषिकाच्या यशावर त्यांस नोकरीस घेणारें सरकार चीफ इंजिनियरच्या खुर्चीवर हिंदी मनुष्यास बसवावयास तयार नव्हतें. १९०८ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. म्हैसुरानें त्यांस १९०९ सालीं ती खुर्ची दिली व १९१२ सालीं दिवाण केलें. कृष्णराजसागर धरणाचें काम त्यांनींच उभें केलें. पुढें ‘सर’ ही पदवी आणि १९५५ सालीं भारतरत्न मिळालें. १९६२ सालीं ते निवर्तले.

त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, अभियंता-दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं ठिकठिकाणीं इंजिनियरांचा सत्कार होतो व पाहुण्यांचीं व्याख्यानें होतात. येत्या वर्षीं गोसीखुर्दच्या दारांवर काम करणाऱ्या कोणा इंजिनियरास आमच्या मुलांपुढें बोलण्यास पाचारण करावें, अशी विनंती आम्ही मुख्याध्यापकांस केली आहे.