मांसातली न दिसणारी अळी आणि डॉक्टर फिर्खो

1865 साल. जर्मनीतल्या हेडर्सलेबेन या गावात एका डुकराचं मांस विकलं गेलं. तिथे कच्चा खिमा खायची पद्धत होती. थोड्याच दिवसांत ताप, सुजलेले डोळे आणि अंग मोडून येणारं दुखणं घरोघरी पोचलं. 337 जण आजारी पडले, 101 दगावले. मांस ताजं होतं. वास नाही, डाग नाही. मग झालं काय?

त्याचं उत्तर बर्लिनच्या एका डॉक्टरनं आधीच छापून ठेवलं होतं. त्यांचं नाव रुडॉल्फ फिर्खो.

फिर्खो यांचा जन्म 13 ऑक्टोबर 1821 चा, पोमेरेनियातल्या शिफेलबाइन या छोट्या गावातला. वडील शेती करत आणि नगरपालिकेचा खजिना सांभाळत. पोरगा हुशार निघाला, बर्लिनला जाऊन डॉक्टर झाला. 1848 मध्ये सरकारनं त्यांना सायलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. परत येऊन त्यांनी अहवालात औषधांपेक्षा गरिबी, उपासमार आणि सरकारच्या हलगर्जीपणावरच बोट ठेवलं. त्याच वर्षीच्या क्रांतीतही ते उतरले. या सगळ्यामुळे बर्लिन सोडायची वेळ आली. 1856 मध्ये ते परतले, ते मोठे शास्त्रज्ञ म्हणूनच.

आता त्या अळीचं. 1835 मध्ये लंडनला जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला मृतदेहाच्या स्नायूत बारीक खडे दिसले होते. त्या प्रत्येकात गुंडाळी करून बसलेली अळी होती. पुढे 1846 मध्ये अमेरिकेत जोसेफ लायडी यांना तशीच अळी डुकराच्या मांसात सापडली. ट्रायकिना हे तिचं नाव. पण ती माणसात येते कुठून, हे कळत नव्हतं.

1859 मध्ये फिर्खो यांनी अळी असलेलं मांस कुत्र्याला खाऊ घातलं. काही दिवसांत त्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेले जंत मिळाले. 1860 मध्ये ड्रेस्डेनचे डॉक्टर त्सेंकर यांच्याकडे एक तरुण मोलकरीण दगावली. विषमज्वर वाटला होता, पण तिचे स्नायू अळ्यांनी भरलेले निघाले. मालकाच्या घरी नाताळाला कापलेल्या डुकराच्या मांसातही त्याच अळ्या होत्या. आता साखळी जुळली. मांसातली अळी पोटात जाते, तिथे तिचे जंत होतात, आणि त्यांची पिल्लं रक्तातून स्नायूत जाऊन बसतात.

1864 मध्ये फिर्खो यांनी डॉक्टरांसोबत साध्या माणसांसाठीही यावर पुस्तक काढलं. तरी पुढच्याच वर्षी हेडर्सलेबेन घडलं. नुसती माहिती असून भागत नाही, नियमच हवा, हे त्यातून उघड झालं. फिर्खो नगरसेवक होते, पुढे आमदारही झाले. प्रत्येक डुक्कर विकण्याआधी तपासा, हा धोशा त्यांनी लावला. धंदा बुडेल म्हणून खाटीक चिडले. फिर्खो हटले नाहीत.

तपासणी तशी सोपी होती. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या स्नायूचे बारीक तुकडे घ्यायचे, दोन काचांत दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. हे काम डॉक्टर नसलेल्या माणसांनाही शिकवलं गेलं. एकेका भागात तपासणी सक्तीची होत गेली. 1900 मध्ये जर्मनीत मांस तपासणीचा देशभराचा कायदा आला.

1902 च्या जानेवारीत चालत्या ट्रामवरून उतरताना फिर्खो पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यातून ते सावरले नाहीत. 5 सप्टेंबर 1902 ला त्यांचं निधन झालं.

मेंढी गवत खाते, म्हणून तिच्यात ट्रायकिना सहसा नसते. पण मेंढीच्या मांसातही पाण्यानं भरलेले छोटे फोड सापडतात. ती कुत्र्याच्या पट्टकृमीची पिल्लं. माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण मांस वाया जातं. कुत्र्यानं असं कच्चं मांस खाल्लं की त्याच्या पोटात कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि परत मेंढीत जातात. म्हणून कच्चं मांस कुत्र्याला टाकू नये, त्याला जंताचं औषध द्यावं, फोड दिसले तर पशुवैद्यकाला दाखवावेत. आणि मांस कुठलंही असो, आतपर्यंत नीट शिजवावं. दिसायला चांगलं म्हणजे निर्धोक, असं नसतं.