वाटी-चमच्याचे माप देणाऱ्या कै. कमलाबाई ओगले

आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या जुन्या घरांत अजूनही एखादे मापटे किंवा अधोली सापडते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली, हे कोष्टक आपल्या आज्यांना तोंडपाठ असे. धान्य मापाने, तर गूळ-तूप तराजूने, अशी रीत होती. १९५६ साली वजनांचा नवा कायदा झाला व १९५८ पासून हळूहळू किलो-ग्रॅम आले. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा ठरला. बाजारात तराजू असतो. पण चुलीपाशी बसलेल्या नव्या सुनेने पाव किलो रवा कशाने मोजावा? या अडचणीतून ज्यांनी लाखो घरांना वाट दाखविली, त्या बाईंचे हे चरित्र.

कमलाबाईंचा जन्म १९१३ साली कुंडल या गावी झाला. किर्लोस्करवाडी तेथून जवळच. शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले. लग्न होऊन त्या ओगल्यांच्या घरी आल्या व सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाकात तयार झाल्या. पुढे त्यांनी स्वयंपाकाचे वर्ग घेतले. हाताचा अंदाज ज्याचा त्याला कळतो. तो दुसरीला सांगायचा तर माप लागते.

१९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक निघाले. त्यात वाटी, चमचा अशी घरातलीच मापे होती. वाटी कोणाची लहान, कोणाची मोठी असेना. एका पदार्थाला आरंभापासून शेवटपर्यंत तीच वाटी धरली, की प्रमाण बिघडत नाही. हेच या मापाचे मर्म होय.

मात्र वजन व माप एक नव्हे. ज्या वाटीत दीडशे ग्रॅम पाणी मावते, तिच्यात साखर सुमारे सव्वाशे ग्रॅम, तर कणीक ऐंशी ग्रॅमच्या आसपासच बसते. कणीक दाबून भरली तर आणखी वाढते, आणि शीग लावली तर हिशेबच चुकतो. अमेरिकेत फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट माप घेण्याचा असाच आग्रह धरला होता. घर कोणत्याही देशातले असो, अडचण एकच!

‘रुचिरा’च्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. घरापासून दूर नोकरीच्या गावी संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना त्या पुस्तकाने सासूची व आईची उणीव भासू दिली नाही. कमलाबाई १९९९ साली निवर्तल्या.

चौथी शिकलेल्या बाईने एवढे काम केले, यातून आपण काय घ्यावे? आपल्या घाटाकडच्या भाताच्या, बाजरीच्या व सणावाराच्या कितीतरी कृती अजून म्हाताऱ्या बायकांच्या मुठीतच आहेत. त्यांची मूठ एकदा वाटीत रिकामी करून पाहावी, माप कागदावर उतरवावे, आणि वाटी कोणती व सपाट की शिगेची तेही शेजारी लिहावे. नाहीतर ती चव त्या हातांबरोबरच जाईल.